कौल डोक्याचा, वाट मांडीची

न्हावरे,
मंगळवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

चि. मारुतराव यास,

न्हावऱ्याहून थोरली बहीण कस्तुरा हिचा भरघोस आशीर्वाद. भांडगावात तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून चालते. माझ्या भावजयीच्या, सुवर्णाच्या, गुडघ्याला शेक चालू हाय का, आन् तुझी तांबडी गाय पान्हा चोरत होती ती आता वळणावर आली का, ते कळवावं. इकडं ऊस तोडीला आलाय, कांद्याची लागण उरकली, आन् मी जिवंत हाय. शेवटचं मुद्दाम लिहिलं. आमच्या घरात सध्या माझ्याबद्दल सगळ्यांशी बोलत्यात, फक्त माझ्याशी बोलत न्हाईत, त्यामुळं अधनंमधनं माझा मलाच संशय येतो.

पत्र बघून तू चक्रावला असशील. फोन असताना अक्कानं कागद का काळा केला, असं सुवर्णा म्हणंल. (तिला सांग, कागद माझ्या लेकाच्या, सत्यजीतच्या, शाळेतल्या जुन्या वहीचा हाय, म्हणून पाठीमागं गणितं दिसत्यात. त्यातली निम्मी चुकलेली हायेत, ती बघू नका.) तर माझा फोन तुझ्या दाजींनी काढून घेतलाय, कारण मी फोनवर ओरडते. ओरडलं की बीपी चढतो, बीपी चढला की डोक्यातला फुगा फुटतो, असं त्यांनी धरलंय. पत्र लिहिताना माणूस ओरडत न्हाई अशी त्यांची समजूत हाय. मी लिहिताना बी ओरडतीच हाय, फक्त ते माझ्या सुनेला, मोनालीला, ऐकू जात न्हाई.

आता तुला ठाऊक असलेलंच पुन्हा एकदा लिहून ठेवते, कारण तू ऐकताना मान हलवतोस आन् उंबऱ्याबाहेर पडलास की इसरतोस. माझ्या मेंदूतल्या एका नसेला फुगा आलाय, हरभऱ्याएवढा. तो फुटला तर मी जाग्यावर जाईन, न्हाईतर निम्मं अंग लुळं पडून खाटंवर राहीन. तो आतल्या आत बुजवून घ्यायची सोय पुण्यात हाय. डॉक्टरणीनं पहिली तारीख दिली ती आम्ही घालवली. दुसरी तारीख पुढच्या गुरुवारी हाय. ही बी चुकवली तर मी तुमच्या मागं लागणार न्हाई, आन् मधी काय झालं तर ते माझ्या हातात न्हाई, असं ती स्पष्ट बोललीय. मला जायचंय. तुझे दाजी नेत न्हाईत. गोष्ट एवढीच हाय. बाकीचा सगळा माझा राग हाय, आन् तो पानं भरून हाय.

पुण्याहून निघताना डॉक्टरणीनं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, फुगा लौकर बुजवून घ्या. दोन, तवर ह्यांना चिडू देऊ नका. पहिली अवघड आन् दुसरी सोपी, म्हणून आमच्या घरानं दुसरी धरली, आन् ती अशी घट्ट धरली की काय सांगू. मोनालीनं शिरूरहून बीपीचं मशीन आणलं. मी तोंड उघडलं की ती पट्टा घेऊन येती. भाजीत मीठ कमी हाय म्हणलं, पट्टा. गोठ्यातलं शेण अजून का उचललं न्हाई म्हणलं, पट्टा. तुझे दाजी तर माझ्याशी वाद घालताना हरायला लागले की मोठ्यानं म्हणत्यात, मोनाली, मशीन आण. मशीन एकशे साठ दाखवतं, आन् एकशे साठवालीचं घरात कुणी ऐकून घेत न्हाई. अडतीस वर्षांच्या संसारात ज्या माणसाला मी एक वाद जिंकू दिला न्हाई, तो आता मशिनीच्या जिवावर रोज जिंकतोय. टीव्हीवरची मालिका बंद केली, कारण तिच्यातल्या सासूनं माझं डोकं फिरतं. भजनाला जाणं बंद, कारण तिथं पुढं कुणी बसायचं ह्यावरनं भांडणं होत्यात. (ती मीच काढते, हे खरं हाय, पण पेटी वाजवणारीच्या पुढ्यात बसलं की माझा आवाज दिसत न्हाई.) खरं सांगते मारुती, मला चिडू द्यायचं न्हाई म्हणून ह्या लोकांनी मला जेवढं चिडवलंय तेवढं माझ्या सासूनं उभ्या जन्मात चिडवलं न्हाई.

म्हशीजवळ जायचं बी बंद केलंय, आन् त्या म्हशीचे तर माझ्यावर उपकार हायेत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धार काढताना तिनं माशी हाकलायला मान झटकली आन् शिंग माझ्या कपाळावर बसलं. जरा भोवळ आली म्हणून सत्यजीतनं गाडीवर बसवून शिरूरला नेलं, तिथं डोक्याचा फोटो काढला. मार म्हणशील तर टेंगूळ तेवढं होतं. पण फोटो काढणाऱ्या माणसानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पडद्याकडं बघितलं, मग बाहेर जाऊन आणखी एका माणसाला घेऊन आला, आन् ते दोघं माझ्याशी एकदम गोड बोलायला लागले. मला पुण्याला धाडलं, तिथं मोठा फोटो निघाला, आन् त्यात हा हरभरा सापडला. म्हशीनं मारलं नसतं तर मला कळलंच नसतं. घरातल्या एकानं तरी माझ्या डोक्याकडं लक्ष दिलं, आन् ती म्हैस निघाली.

पुण्याची डॉक्टरीण म्हंजी धनश्री मॅडम. दिसायला तुझ्या लेकीएवढी, सायलीएवढी, पण बोलायला एकदम रोखठोक. न्हावऱ्याचं नाव ऐकून ती म्हणाली की तिचा आजा, भैरू, आपल्या शिवारात मेंढरं बसवायचा. मला त्याचं घोंगडं सुद्धा आठवलं. मी म्हणलं, तुमच्या आज्यानं आमच्या वावराला खत दिलं, आता तुम्ही आमच्या डोक्याचं बघा. ती हसली. पण तुझे दाजी घरी आल्यापास्नं ज्याला त्याला सांगत सुटले की ज्यांची मेंढरं आमच्या वावरात बसायची त्यांची नात आता हिच्या डोक्यात तार घालणार. मला असा राग आला. ती पोर बारा-तेरा वर्षं शिकली, हजारभर माणसांच्या डोक्यात तिची तार जाऊन आली, आन् आमच्या घरातल्या कर्त्या पुरुषाला मोटारीचा फ्यूज घालायला शेजारच्याला हाक मारावी लागती.

तिनं मला समजावून सांगितलं ते तुला सांगते, कारण तुझ्या दाजींनी तुला सांगितलं असंल ते सगळं उलटं हाय. ठिबकची नळी एका जागी पातळ पडली की तिथं ती फुगती, बघ. तशी माझी नस फुगलीय. पूर्वी असलं काही झालं की कवटी उघडून फुग्याच्या बुडाला चिमटा लावायचे. अजून बी कुणाकुणाला तसं करावं लागतं. पण माझा फुगा अशा जागी हाय की त्याला आतनं गाठता येतं. मांडीच्या मुळाशी जी मोठी नस हाय तिला सुईएवढं भोक पाडायचं, तिथनं एक बारीक पोकळ नळी सरकवायची, ती पोटातनं, छातीतनं, मानेतनं वर न्यायची, मग तिच्या पोटातनं आणखी बारीक नळी फुग्याच्या तोंडापतूर न्यायची, आन् फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी गच्च भरून टाकायची. मग रगत त्यात शिरायचंच बंद होतं. डोक्याला सुरी न्हाई, टाका न्हाई, केस सुद्धा कापत न्हाईत. शंभरातल्या काही जणांना तरीबी त्रास होतो, हे तिनं लपवलं न्हाई. नळी नेताना गुठळी होऊ शकती, फुगा तिथंच फुटू शकतो. पण मी हात बांधून बसले तर त्याच्याहून जास्त भ्या हाय, असं ती म्हणाली. मला पटलं. तुझे दाजी मात्र एकाच गोष्टीवर अडून बसले, की दुखणं डोक्यात असताना ह्या बाईला मांडीत काय काम. तिनं तीनदा सांगितलं. चौथ्यांदा तिनं त्यांच्याकडं न बघता माझ्याकडं बघितलं, आन् आम्हा दोघींचं तिथंच जमलं.

आन् ही वाट काय नवी न्हाई. फुगा नीट बघायला तिनं एकदा मांडीतनं नळी घालून अँजिओग्राफी केलीच की. मी जागी होते. डोक्यात औषध सोडलं तवा तोंडावर चुलीसमोर बसल्यागत झळ आली आन् गेली. पडद्यावर माझ्या डोक्यातल्या नसा दिसत होत्या, पानं झडलेल्या बाभळीवानी, आन् एका फांदीला ते बोंड लटकलेलं. नंतर सहा तास पाय सरळ ठेवून पडायचं होतं, मी पडले. (शेजारच्या खाटंवरची बाई दोनदा उठली आन् तिला ओरडा बसला. मला एकदा बी बसला न्हाई, हे लिहून ठेवते.) म्हंजी नळी एकदा मांडीतनं मानेपतूर जाऊन सुखरूप परत आलीय. आता फक्त तिनं जाताना रिकाम्या हातानं जायचं न्हाई, एवढाच फरक हाय.

आता खरी गाठ सांगते. घरी आल्यावर तुझ्या दाजींनी काय केलं, तर वस्तीवरच्या नाथाला कौल लावला. मला सांगितलं न्हाई, कारण मला सांगितलं तर मी चिडंन. माझ्या डोक्याचा निकाल माझ्या माघारी लागला. आमच्याकडं कौल कसा लावत्यात ते तुला माहीत हाय. भिमा गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालायचं, आन् बघत बसायचं. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी आधी पडली तर न्हाई. ह्यांनी गाऱ्हाणं घातलं ते असं, की देवा, हिचं डोकं उघडून ऑपरेशन करायचं का. डावी कळी पडली. घरी येऊन ह्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली आन् देव न्हाई म्हणाला असं जाहीर केलं.

मारुती, तूच सांग, देवाचं ह्यात काय चुकलं. डोकं उघडायचं का म्हणून त्याला इचारलं, तो न्हाई म्हणाला. डॉक्टरीण बी तेच म्हणती, डोकं उघडायचं न्हाई. देवाचं आन् डॉक्टरणीचं एकमत हाय, मधी तुझे दाजी तेवढे आडवे पडलेत. मी त्यांना म्हणलं, तुम्ही इचारायला चुकलात, जा आन् नीट इचारून या, मांडीतनं तार घालून फुगा बुजवायचा का म्हणून. तर म्हणत्यात, देव काय शब्द धरून बसत न्हाई, त्याला सगळं आपोआप कळतं. व्हय का. मग सोसायटीच्या निवडणुकीला कौल लावला तवा पॅनेलचं नाव, चिन्ह आन् आकडा घातला होता गाऱ्हाण्यात, तवा देवाला आपोआप कळत नव्हतं का. छत्री चिन्हावर तीन नंबरला उभा हाय, असं सांगितलं होतं, मी शेजारी उभी होते. चिन्हाला एवढी फोड करून सांगायचं आन् बायकोच्या डोक्याला चार शब्द घालून मोकळं व्हायचं. मी हे बोलले तवा मशिनीनं एकशे बहात्तर दाखवले.

मग मी भिमाकडं गेले. भिमा वाईट न्हाई, पण गुरव हाय, त्याला रिवाज सांभाळायचा असतो. प्रश्न चुकला हे त्यानं खालच्या आवाजात कबूल केलं. पण एका घरानं एका कामाचा कौल पुन्हा लावायचा न्हाई, लावायचा तर चैत्रातल्या यात्रेनंतर, असा आमच्या देवळाचा पायंडा हाय. उद्या ज्याला त्याला मनासारखा कौल पडंपतूर कळ्या चिकटवत बसंल, मग देवाचं काय राहिलं, असं तो म्हणाला. मी म्हणलं, यात्रेपतूर माझंच काय राहील ते सांग. तो कळ्या वेचायला लागला. तर आता चैत्रापतूर मी ह्या बोंडासकट बसायचं, असं सगळ्यांच्या मते ठरलंय. पेरणी लांबणीवर टाकावी तसं माझं डोकं लांबणीवर टाकलंय.

त्यात भेटायला येणारी माणसं. न्हावऱ्यात मी आजारी हाय हे कळल्यापास्नं रोज चार घरं येत्यात, बिस्किटाचे पुडे घेऊन. एवढी बिस्किटं झालीत की म्हशीला भिजवून घालतोय. येत्यात, माझ्या डोक्याकडं टक लावून बघत्यात, जणू टक लावल्यावर बोंड वरनं दिसणार हाय. मग प्रत्येकाकडं एकतरी माणूस असतोच, ज्याच्या डोक्यात काहीतरी झालं आन् तो हसता हसता गेला. तो कसा गेला, किती वाजता गेला, तोंड कुठं वाकडं झालं, सगळं सविस्तर सांगत्यात, आन् शेवटी मला म्हणत्यात, तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका. एक म्हातारी तर मोनालीला माझ्यासमोरच म्हणाली की तुझी सासू फार गुणाची होती. माझी थोरली जाऊ प्लॅटिनम हे नाव ऐकून सावरून बसली आन् इचारती, सोन्यापेक्षा भारी असतं का ते. म्हणलं, असंल. तर इचारती, मग सावडायच्या दिवशी ते राखंत सापडतं का. मी तिला पुडा परत केला. घरातलं कुणी असं बोलतं व्हय रे. (जाताना ती दुसऱ्या कुणीतरी आणलेला पुडा घेऊन गेली.)

सत्यजीतकडनं मला आशा होती. रांजणगावच्या कंपनीत तो माल तपासायच्या खात्यात हाय. केसाएवढी चीर असलेला भाग तो बाजूला काढतो, साहेबाच्या तोंडावर हा जाणार न्हाई म्हणतो, त्याचं बक्षीस बी मिळालंय त्याला. आन् घरी आला की बापापुढं उभा राहून म्हणतो, पप्पा म्हणतील तसं. आईच्या डोक्यातली चीर ह्याला चालती. मोनाली बिचारी पट्टा बांधताना माझ्या कानात म्हणाली की आई, तुमचंच बरोबर हाय. पण ते कानात म्हणाली. कानात बरोबर असून काय करायचं.

तुझ्या दाजींबद्दल एवढं लिहिलं, तर एक गोष्ट न लिहिणं बरं न्हाई. तो माणूस दुष्ट न्हाई. पुण्याहून आल्यापास्नं सकाळचा चहा तेच करत्यात. अडतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना साखरेचा डबा कुठं असतो ते कळलं. चहा अगदी गुळवणी होतो, पण मी पिते. परवा कप हातात देताना माझ्याकडं न बघता म्हणाले, "कस्तुरे, त्या दिवशी तू आत होतीस तवा मी बाहेर बाकड्यावर बसलो होतो. पुन्हा तसं बसायचं बळ माझ्यात न्हाई." बघ म्हंजी. कौल नव्हं, देव नव्हं, मांडी नव्हं. ह्यांना बाकड्यावर बसायचं भ्या वाटतं. मला वाईट वाटलं, डोळ्यांत पाणी आलं, आन् लगेच त्याच्यापेक्षा जास्त राग आला. टेबलावर मी झोपणार, नळी माझ्या मांडीत जाणार, मरायची झाली तर मी मरणार, आन् भ्यायचं ह्यांनी, आन् ह्यांच्या भ्यापायी मी घरात बसायचं. आपल्या भ्याला देवाच्या खांद्यावर बसवलं की ते भ्या राहात न्हाई, त्याचा कौल होतो.

आन् आता तू. तुझ्यावर मी सगळ्यात जास्त चिडलेय, म्हणून तुला शेवटाला ठेवलं. गेल्या शनिवारी तू आलास, पपई आणलीस, खुर्चीत बसलास. मी तुला डोळ्यांनी खुणावलं, ताटात भाकरी वाढताना कोपर मारलं, पाणी देताना पायावर पाय दिला. आन् तू काय बोललास, तर दाजी म्हणत्यात ते बी खरंच हाय, देवाच्या पुढं आपण कोण. आन् वर दुसरी भाकरी मागितलीस. मारुती, तू तीन वर्षांचा असताना मी तुला कडेवर घेऊन शाळेत बसले, मास्तर हाकलून द्यायचे तर तुला आवाज करू नको म्हणून गूळ चारायचे, आन् सातवीला मला शाळेतनं काढली ती तुझ्या मागं पळायला कुणी नव्हतं म्हणून. त्याबद्दल मी तुला कधी बोलले न्हाई. आता बोलले. साऱ्या जगात मला माहेर म्हणून एक तू उरलास, आन् तू पपई आणतोस. पपई पिकलेली बी नव्हती.

हे पत्र शेजारच्या गिताबाईच्या हाती देते. तिची लेक यवतला दिलीय, ती उद्याच्या एसटीनं तिकडं निघालीय, वाटेत तुझ्याकडं उतरंल. पाकीट भाताच्या शितानं चिकटवलंय, ते फाटलेलं दिसलं तर गिताबाईनं वाचलं असं समज, पण तिला काही बोलू नको, तिचं मन चांगलं हाय. सुवर्णाला आशीर्वाद, सायलीला अभ्यासाला लाव, गाईकडं लक्ष दे. राग राग केला तो वाचून सोडून दे. लिहून माझं डोकं बरंच हलकं झालं.

तुझी अक्का,
कस्तुरा हौसराव

ता. क. राग सोडून दे असं लिहिलं, पण काम सोडू नको. भिमाच्या बोलण्यातनं मी एक गोष्ट काढून घेतलीय. बाई दोन घरांची असती, सासरच्या घरानं लावलेला कौल माहेरच्या घराला बांधत न्हाई, आन् माहेरच्या देवाचा कौल पडला तर तो आमचं देऊळ मानतं. हे भिमानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय आन् तुझ्या दाजींसमोर बी सांगायला तयार हाय. तर तू रविवारी आंघोळ करून भांडगावच्या आपल्या देवाला कौल लाव. गाऱ्हाणं असं घाल, मी लिहून देते, ह्यातला शब्द गाळू नको: देवा, कस्तुराचं डोकं न उघडता, मांडीच्या नसेतनं नळी वर नेऊन, डोक्यातल्या नसेचा फुगा तारेनं बुजवायचा का, पुढच्या गुरुवारी. गुरुवार सांगायला इसरू नको.

ता. क. दुसरा. कुठली बी कळी पडली तरी सोमवारी सकाळी इथं ये आन् तुझ्या दाजींना उजवी पडली म्हणून सांग. देवाच्या नावानं खोटं बोलायला लावते म्हणून बिचकशील. ते पाप माझ्या नावावर, मी बघून घेईन. आन् गुरुवारी पुण्याला त्या बाकड्यावर तू त्यांच्या शेजारी बस. त्यांना एकट्याला बसवू नको. बोलू नको काही, नुसता बस, ते तुला जमतं.

ता. क. तिसरा. हे आधीच लिहायला पायजे होतं, पण हात धजत नव्हता. गेल्या आठवड्यात तुझे दाजी तळेगावच्या बाजाराला गेले होते, भिमा जेवायला गेला होता, तवा मी एकटी नाथाच्या देवळात गेले. माझ्या हातानं कळ्या लावल्या. गाऱ्हाणं बरोबर घातलं, वर लिहिलंय तेच. देवापुढं मांडी म्हणायला लाज वाटली, तरी म्हणाले. डावी पडली मारुती. लगेच पडली, बोटं सुद्धा ओली होती माझी. मी कुणाला बोलले न्हाई. आठ दिवस झोप न्हाई मला, आन् म्हणून मी सगळ्यांवर चिडतीय, तुझ्यावर बी. मला भ्या वाटतं. तरी मला जायचंय, मला जगायचंय अजून. पण देव न्हाई म्हणालाय हे एकटीनं पोटात ठेवून त्या टेबलावर झोपायचं मला जमायचं न्हाई. म्हणून उजवी पडली हे तू दाजींना सांगशील तवा माझ्याकडं बघून सांग. मी इस्वास ठेवीन. भांडगावला खरं काय पडलं ते मला मरूस्तोवर सांगू नको. आन् लहानपणापास्नं तू खोटं बोललास की तुझे कान लाल होत्यात. सोमवारी येताना कानाला मफलर गुंडाळून ये. खरोखरच उजवी पडली तरी गुंडाळ.